फुंकणीची नवी पट्टी

आमच्या घरात फुप्फुसांच्या दोन जोड्या आणि त्यांतली बिघडलेली जोडी माझी, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं होतं. तीस वर्षांत त्यावर कधी वाद झाला नाही. बाकी सगळ्यावर झाला. खिडकी उघडी की बंद, पंखा दोनवर की तीनवर, लेकीला दूरच्या शहरात नोकरीला पाठवायचं की नाही, एकही विषय आम्ही सोडला नाही. पण घर ह्यांच्या नावावर आणि दमा माझ्या नावावर, याबद्दल दोघांचंही एकमत.

ह्यांचं काम वजनकाटे दुरुस्त करण्याचं. बाजारात ह्यांना कुणी नावानं ओळखत नाही, काटेवाले म्हणतात. धान्याची दुकानं, पिठाच्या गिरण्या, गुरांच्या खाद्याची गोदामं. जिथं काटा अडला तिथं हे. घरी येतात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. माझं काम रफूचं. कपड्याला पडलेलं भोक त्याच कपड्याच्या धाग्यानं असं भरायचं, की भोक कुठं होतं ते मालकाला चष्मा लावूनही सापडू नये. बसून करायचं, खिडकीपाशी करायचं, घाई न करता करायचं. दमेकरणीला याहून बरं काम कुठलं मिळणार?

ह्यांच्याकडे एक लाकडी पेटी आहे. आत मखमल, मखमलीत खाचा आणि प्रत्येक खाचेत एकेक पितळी वजन. प्रमाण वजनं म्हणतात त्यांना. ती नुसत्या हातानं उचलायची नाहीत, कारण हाताचा घाम लागला तरी वजन खोटं होतं. त्या पेटीला हात लावायची मला आजही परवानगी नाही. लेकीला लहानपणी मार बसला तो एकदाच, त्यातलं पन्नास ग्रॅमचं वजन तिनं बाहुलीच्या डोक्याखाली उशी म्हणून ठेवलं तेव्हा. "काट्यानं काटा काढता येतो, तपासता येत नाही," हे ह्यांचं आवडतं वाक्य. "तपासायला खरं वजन लागतं. ते नसेल तर सगळा बाजार अंदाजपंचे." दुकानदार कितीही शपथा घेवो, हे ऐकून घेतात आणि पेटी उघडतात. माणसाच्या बोलण्यावर ह्यांचा विश्वास नाही. माझ्याही नाही.

तर अशा घरात ती साथ आली.

ताप, खोकला आणि मग छातीत उतरणारा तो आजार. पहिल्याच दिवशी लेकीचा फोन आला. "आई, तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाहीस. दमेवाल्यांना सगळ्यात जास्त धोका आहे." मी घाबरून हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी ठेवली. दोन गाऊन, कंगवा, टॉवेल, माझ्या दोन्ही पंपांची जादा जोडी, डॉक्टरांची फाइल. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एक प्राध्यापक म्हणाले, वॉर्डात दमेकरी अपेक्षेइतके दिसतच नाहीत, कोडंच आहे. तिसऱ्या दिवशी कुणी म्हणालं, पंपात स्टेरॉइड असतं, त्यानं प्रतिकारशक्ती कमी होते. चौथ्या दिवशी दुसरं कुणी म्हणालं, त्याच स्टेरॉइडनं श्वासनळीची सूज उतरते, म्हणून पंपवाले उलट सुरक्षित. माझे दीर घरबसल्या सगळ्या जगाचे निरोप पुढे पाठवायचे. सकाळी 'वहिनी, पंप ताबडतोब बंद करा.' दुपारी 'वहिनी, पंप एकदाही चुकवू नका.' दोन्हींच्या खाली हात जोडलेले. एक ना धड भाराभर चिंध्या. मी चिंध्या जोडून पोट भरणारी बाई, पण या चिंध्यांचा काही केल्या कपडा होईना.

शेवटी आमच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. वीस वर्षं त्या माझी छाती ऐकतायत.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "सर्दीचा असो की या साथीचा, कुठलाही विषाणू दमेकऱ्याची छाती खवळवू शकतो. म्हणून जपायचं. पण दमा आटोक्यात असेल, रोजचा पंप नियमित असेल, तर तुमचा धोका इतरांपेक्षा फार मोठा नाही असंच आतापर्यंत दिसतंय. खरी काळजी ज्यांचा दमा मोकाट आहे त्यांची. औषध अर्धवट घेणारे, किंवा घेतच नाहीत ते."

"माझा आटोक्यात आहे हे मला कसं कळायचं? मला तर टीव्ही लावला तरी धाप लागते."

"मग टीव्ही बंद करा," त्या म्हणाल्या. "आणि एक मीटर पाठवते. त्यात रोज सकाळी तीनदा फुंकायचं, मोठ्यात मोठा आकडा लिहून ठेवायचा. माझ्याकडे तपासताना तुमचा सगळ्यात चांगला आकडा साडेतीनशे आलाय. त्याच्या आसपास असलात की निर्धास्त. पंप मात्र सोडायचा नाही."

मीटर आलं. प्लॅस्टिकची नळी, एका टोकाला तोंड लावायचं, वर आकड्यांची पट्टी आणि पट्टीवरून सरकणारी बारीक लाल खूण. जोरात एक फुंकर मारली की खूण सरकते आणि थांबते. आम्ही तिचं नाव फुंकणी ठेवलं. पहिल्या सकाळी मी फुंकलं, तीनशे चाळीस. मला हायसं वाटलं. ते तेवढंच, कारण संध्याकाळी ह्यांचं लक्ष फुंकणीकडे गेलं.

"तपासली का?"

"काय तपासायचं त्यात? डॉक्टरांनी पाठवलीय."

"डॉक्टर काय, कारखान्यातून आलेला नवा काटासुद्धा मी तपासल्याशिवाय दुकानात ठेवू देत नाही. हिला तर तू जीव लावून बसलीयस." फुंकणी ह्यांनी दिव्याखाली उलटीसुलटी केली. "पासंग असणार हिच्यात. काढायला हवा." पासंग म्हणजे काट्याच्या एका पारड्याचा मूळचाच कल. तो शोधायचा आणि काढायचा, यात ह्यांची हयात गेली.

"अहो, पण वजनं कशी ठेवणार तुम्ही तिच्यात?"

हे विचारात पडले. वजन तपासायला खरं वजन लागतं. मग फुंकर तपासायला खरी फुंकर हवी. ह्यांनी घरभर नजर फिरवली, जणू ती एखाद्या कपाटात ठेवली असावी. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "ही आहे की."

फुंकणी गरम पाण्यानं धुतली, पुसली, उभं राहून ह्यांनी फुंकर मारली. चारशे दहा. पुन्हा चारशे. पुन्हा चारशे पाच, आणि त्यापाठोपाठ खोकल्याची उबळ. तो ह्यांचा पिठाचा खोकला, कित्येक वर्षांचा, आम्ही त्याला पाहुणा मानायचं कधीच सोडलं होतं. सोबत आलेल्या कागदावर वय आणि उंचीप्रमाणे आकड्यांचं कोष्टक होतं. छप्पन वर्षांच्या, ह्यांच्या उंचीच्या निरोगी पुरुषाचा आकडा होता पाचशे साठ.

"बघ!" ह्यांचा चेहरा उजळला. "दीडशेनं मार खातेय फुंकणी."

"की तुम्हीच मार खाताय?" मी म्हटलं. थट्टेनं म्हटलं, देवाशपथ थट्टेनंच.

"मला काय झालंय? चाळीस किलोचा काटा खांद्यावर घेऊन तीन जिने चढतो मी."

ते खरंच होतं. प्रत्येक जिन्याच्या वळणावर थांबून हे किल्ल्या आहेत का म्हणून खिसे चाचपतात, तेही खरं होतं. पण ते मी विसराळूपणात धरलं होतं.

त्या संध्याकाळी ह्यांनी बारीक निबाच्या पेनानं कागदाची नवी पट्टी आखली. प्रत्येक आकडा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा वाढवलेला, रेघा कारखान्यातल्या रेघांपेक्षा सुबक. जुनी पट्टी झाकून ती नळीवर चिकटवली. सकाळी मी फुंकलं, तर चारशे पासष्ट! कोष्टकात माझ्या वयाच्या धडधाकट बाईचा आकडा चारशे. म्हणजे मी, सात वर्षांची असल्यापासून खेळाच्या तासाला झाडाखाली बसलेली मी, धडधाकट बाईच्या पासष्ट पावलं पुढं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? खोलीत दोन चकरा मारून पाहिल्या. पण आनंदाच्या मागोमाग डोक्यात भुंगा लागला. इतकी चांगली आहे, तर मग इतकी वर्षं मला काय होत होतं?

"डॉक्टरांनी तुला उगाच दमेकरी करून ठेवलं," ह्यांनी निकाल दिला. "साधी गोष्ट आहे. काटा म्हणतो तू ठणठणीत. मग स्टेरॉइड कशाला ओढायचं? आणि तेही साथीच्या दिवसांत?" योगायोगानं त्याच दुपारी दिरांचा 'पंप बंद करा' वाला निरोप तिसऱ्यांदा आला. डॉक्टरबाईंनी सोडू नका म्हणून सांगितलं होतं. पण डॉक्टरबाई माझ्या साडेतीनशेच्या हिशेबानं बोलत होत्या ना? त्यांना कुठं माहीत होतं की मी चारशे पासष्ट आहे? मी रोजचा पंप ड्रॉवरमध्ये ठेवला.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी पहाटे छातीत बारीक शिट्टी वाजली. सातव्या दिवशी सुई ओवताना श्वास धरता येईना, धागा तीनदा चुकला. मी फुंकलं, चारशेच्या खाली. नवव्या दिवशी तीनशे चाळीस.

"घसरतोय हो," मी म्हटलं.

"कुठं घसरतोय? तीनशे चाळीस म्हणजे तुझा नेहमीचाच आकडा. डॉक्टर याला निर्धास्त म्हणाल्या होत्या ना?"

हो, म्हणाल्या होत्या. मी दोन्ही हातांनी टेबल धरून उभी होते आणि आकडा मला निर्धास्त राहा म्हणत होता. मग ही धाप कसली? साथीची? पण ताप नव्हता. भीतीची? असेलही, मी भित्रीच आहे. मनाचे खेळ? छाती एक सांगत होती, काटा एक सांगत होता आणि माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही ही आमच्या घरची रीत. मीही माणूसच. मला माझंच खरं वाटेना. त्या दिवसाइतकी गोंधळलेली मी आयुष्यात कधी नव्हते, आणि ते कुणाला सांगायलाही दम पुरत नव्हता.

हे कामावर गेल्यावर मी डॉक्टरबाईंना फोन केला. तीनशे चाळीस सांगितलं.

"छान आहे की. मग आवाज असा का येतोय तुमचा? शब्द तुटतायत."

"मला वाटलं, मनाचंच असेल. म्हणजे नव्या पट्टीवर तीनशे चाळीस तर आहे."

"नवी पट्टी कुठली?"

मी सगळं सांगितलं. पासंग, फुंकर, निबाचं पेन. सांगताना मलाच हसू येत होतं, आणि हसताना खोकला. पलीकडे त्या हसल्या नाहीत.

"जुन्या पट्टीवर किती होतात ते बघा आधी."

मी नवी पट्टी नखानं उचलून आत पाहिलं. अडीचशे.

"आत्ताच्या आत्ता अडीनडीच्या पंपाचे झुरके घ्या, आणि रोजचा पंप आजपासून पुन्हा सुरू. पाच दिवसांच्या गोळ्या पाठवते. उद्या सकाळी मला आकडा हवा, खऱ्या पट्टीवरचा. कमी झाला तर थेट हॉस्पिटल." मग त्यांनी विचारलं, "आणि यजमानांनी किती फुंकलं म्हणालात?"

"चारशे दहा."

"पाचशे साठ यायला हवे होते त्यांचे?"

"हो, म्हणून तर फुंकणी चुकीची..."

"फुंकणी बरोबर आहे हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खोकला आहे त्यांना?"

"पिठाचा आहे."

"सुट्टीत कमी होतो?"

मला लेकीकडे गेलो होतो ते आठ दिवस आठवले. तिथं हे एकदाही खोकले नव्हते. आम्ही तिथल्या हवेचं कौतुक करत परत आलो होतो.

"त्यांना घेऊन या. तपासल्याशिवाय मी नाव घेणार नाही, पण वर्षानुवर्षं पिठात काम करणाऱ्यांना दमा होतो. आणि या दिवसांत औषधाविना दमा अंगावर काढणं बरं नाही."

संध्याकाळी मी हे सांगितलं, तेव्हा ह्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी ह्यांच्यावर माप मारल्याचा आळ घेतला. "दमा? मला? लहानपणी झाला नाही तो छप्पनाव्या वर्षी कुठून उगवला? न बघता, न ऐकता, फोनवरून दमा! तिची फुंकणी खोटी निघाली म्हणून आता मला खोटं ठरवतेय." डॉक्टरबाईंचं पटत होतं. पण समोर बघावं तर धिप्पाड, लालबुंद, तावातावानं बोलणारा माणूस, आणि त्याला दमा आहे म्हणणारी कोण, तर टेबलाला धरून उभी असलेली मी. कुणालाही विचारा, पारडं कुठं झुकेल? शेवटी मी किटलीच्या वाफेवर फुंकणी धरली आणि नवी पट्टी सोलून काढली. ह्यांनी ती फेकू दिली नाही. पाकिटात घालून ठेवली.

माझा आकडा हळूहळू वर आला, दोनशे ऐंशी, तीनशे, तीनशे वीस. ह्यांना रोज सांगत होते, चला डॉक्टरकडे. आज गिरणीचा काटा, उद्या गोदामाचा. नवव्या दिवशी हे दुपारीच घरी आले आणि बूट न काढता खुर्चीत बसले. अंगात ताप. दुसऱ्या दिवशी मलाही ताप. साथ आमच्या घरात शिरली होती आणि तिनं दोघांनाही गाठलं होतं.

दाराजवळची पिशवी मी पुन्हा तपासली. टॉवेल, गाऊन, जादा पंप. लेक फोनवर रडत होती, "आई, बाबांचं मी बघते, तू तुझं बघ." दीर, शेजारी, जो तो माझीच चौकशी करत होता. दोन दिवस अंग ठणकलं, खोकला झाला, अडीनडीचा पंप चारपाचदा लागला. सकाळी फुंकलं तर दोनशे नव्वद. मी वाट बघत होते, आता श्वास अडकेल, मग अडकेल. तो अडकेना. मला तर यात काही फसवणूक आहे की काय असंच वाटायला लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी ह्यांना सूप द्यायला गेले, तर हे पलंगाच्या कडेला बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर उचललेले, मान पुढं. ही बैठक माझी होती. सात वर्षांची असल्यापासून मी अशीच बसत आलेय, हवा शोधताना. ह्यांच्या अंगावर ती बघून मला क्षणभर आपण कुणाकडे बघतोय तेच उमगेना.

"काय होतंय?"

"काही... नाही... जरा..."

तिसऱ्या शब्दापुढे वाक्य गेलं नाही. मी डॉक्टरबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. फुंकायला लावा, म्हणाल्या. एकशे नव्वद. ह्यांनी आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. या वेळी फुंकणीत पासंग शोधला नाही.

"गाडी पाठवतेय. ती येईपर्यंत तुमचा अडीनडीचा पंप, मोठ्या नळकांड्यातून. एकेक करून सहा झुरके. जमेल?"

"मला न जमायला काय झालं?" मी म्हटलं. पंप हलवून त्या नळकांड्याच्या मागच्या टोकाला बसवला.

ह्यांनी नळकांडं तोंडात धरलं आणि सवयीनं फुंकायला लागले. "अहो, फुंकायचं नाही, ओढायचं. आधी सगळी हवा बाहेर सोडा. सगळी. आता मी दाबते, हळू आत घ्या. हळू. घाई नाही, कुणी हिसकावत नाही. धरून ठेवा. आता सोडा." मी एवढं कुणाला कधी शिकवलं नव्हतं. रफूसुद्धा नाही. मला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम. सहा झुरके झाले. काही मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, दोनशे चाळीस.

"वाढला?" फोनमधून आवाज आला. "मग दमाच आहे हो. त्यावर ही साथ. गाडी आलीच असेल."

गाडी आली. डोक्यापासून पायांपर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोन माणसं चाकांची खुर्ची घेऊन वर आली. एकाच्या हातात फॉर्म होता. "आधीचा काही आजार? दमा वगैरे?" त्यानं विचारलं.

हे पलंगावरून वळले. तीस वर्षांची सवय. श्वास पुरत नव्हता, तरी बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं. "दमा... हिला."

झालं. दोघांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली. हातात भरलेली पिशवी, तोंडावर ताप, खोकला येतोय, दमा आहे. पेशंट म्हणून माझ्यात काही कमी नव्हतं. "बसा मावशी," एकानं माझा दंड धरला. एक क्षण, खरं सांगते, मी बसणारच होते. सगळे जण गेले कित्येक आठवडे मला याच खुर्चीची तयारी करायला सांगत होते.

"मला नाही!" मी ओरडले. "त्यांना न्या. दमा दोघांना आहे. माझा मला माहीत आहे, त्याला रोज औषध आहे. त्यांचा त्यांना आज कळलाय."

त्यांनी ह्यांना खुर्चीत बसवलं, तोंडावर मास्क लावला. जिन्याच्या वळणावर हे खिसा चाचपायला लागले, तेव्हा मी वरून ओरडले, "किल्ल्या माझ्याकडे आहेत!" आणि पिशवी ह्यांच्या मांडीवर ठेवायला लावली. गाडी गेल्यावर लक्षात आलं, पिशवीत माझे गाऊन होते.

पुढचे तीन दिवस मी घरात एकटी. ताप उतरला. लेकीला खरं वाटेना, दर तासाला फोन करून ती मला श्वास घ्यायला लावून ऐकायची. दिरांचा फोन आला. "वहिनी, म्हणजे दमेवाल्यांना हा आजार कमी होतो हे खरंच की! पाठवू का सगळ्यांना?"

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमचे दादा दमेकरीच आहेत आणि ऑक्सिजनवर आहेत. आता काय पाठवायचं ते पाठवा." त्या दिवशी एकही निरोप आला नाही.

मला स्वतःला तरी काय कळलं होतं? मी का वाचले, हे का अडकले? माझा पंप म्हणून? ह्यांचं पीठ म्हणून? की नशीब? डॉक्टरबाई म्हणाल्या, एका घरावरून जगाचा नियम काढू नका. बरं, नाही काढत. पण एका घरापुरतं तरी काही समजायला नको का?

चौथ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून एका नर्सचा फोन आला. आवाज तरुण, घाईचा. ऑक्सिजन कमी करत आणलाय, धोका बराच टळलाय, म्हणाली. मी टेबलापाशी खुर्ची ओढून बसले. मग ती म्हणाली, "एक माहिती राहिलीय. दमा किती वर्षांपासून आहे यांना?"

मी मागं मोजायला लागले. खोकला लेक शाळेत होती तेव्हापासूनचा. किल्ल्या शोधणं त्याच्याही आधीपासूनचं. दोन उशा घेऊन झोपणं? आठवत नाही. शिट्टी, घरघर, धाप, छातीचा एकेक सूर मला पाठ. ह्यांनी स्वतःची छाती खरं वजन धरली म्हणून मी ह्यांना हसले. आणि मी? माझ्या धापेपुढे ह्यांची धाप पासंगालाही पुरत नाही असं धरून मी तीस वर्षं त्याच पलंगावर फक्त माझाच श्वास ऐकत झोपले.

"माहीत नाही हो," मी म्हटलं. "पुष्कळ वर्षं असेल. माझं लक्ष नव्हतं."

"चालेल, तसंच लिहिते." मग पलीकडे काही बोलणं झालं, कुणीतरी तुटक तुटक बोलत होतं. नर्स पुन्हा फोनवर आली. "ते विचारतायत, तुमचा आजचा आकडा किती? आणि म्हणतायत, जुन्या पट्टीवरचा सांगा."

"थांबा," मी म्हटलं. फोन टेबलावर ठेवला, डोळे पुसले, उभी राहिले आणि फुंकलं. मग नर्सला सांगितलं, तीनशे दहा.